डॉक्टर-पेशंटचा खेळ, दोघांच्या संमतीनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अठरा वर्षं पूर्ण झालेल्या वाचकांसाठी आहे. दोन प्रौढ माणसं राजीखुशीनं, आपल्या खासगी जागेत डॉक्टर-पेशंट किंवा सिस्टर-पेशंट अशा भूमिका घेऊन खेळतात, त्या खेळाबद्दलचे हे प्रश्न. लैंगिक आरोग्याच्या समुपदेशनात हा विषय काढणारे पुष्कळ भेटतात आणि पहिल्याच वाक्याला बहुतेकांचा आवाज खाली जातो. इथे तशी गरज नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: या खेळात डॉक्टर खोटा, आजार खोटा, औषधंही खोटी. खरी हवी ती परवानगी. औषधं खरी आणि परवानगी खोटी अशी अदलाबदल झाली की माणसं दुखावतात.

असलं काही आवडणं ही विकृती आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-11, 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. प्रौढांनी एकमेकांच्या संमतीनं केलेल्या आणि कुणाला त्रास न देणाऱ्या अशा आवडीनिवडींना ती आजार धरत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 मध्येही आवड आणि विकार वेगळे काढले आहेत. ती आवड स्वतःलाच छळू लागली, रोजचं आयुष्य बिघडवू लागली, किंवा समोरच्याची इच्छा नसताना त्याच्यावर लादली गेली, तर तो मदत घेण्याचा विषय होतो.

मराठीत या गोष्टींवर मोकळेपणानं बोलणं आजचं नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी वर्षानुवर्षं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रश्न विचारायला लाज वाटली की मी लोकांना ही गोष्ट सांगते.

लोकांना यात नेमकं आवडतं तरी काय?

प्रत्येकाचं वेगळं. कुणाला समोरच्याचं पूर्ण लक्ष आपल्यावर आहे हे सुखावतं. फोन बाजूला, टीव्ही बंद, आणि एक माणूस विचारतोय, 'कुठं दुखतंय, इथं? की इथं?' लग्नाला दहा-बारा वर्षं झाली की इतकं लक्ष सहज मिळत नाही. कुणाला 'आता सगळं डॉक्टर ठरवतील' असं म्हणून जबाबदारी खाली ठेवायला आवडतं. कुणाला अधिकार गाजवायला आवडतो, कुणाला तपासलं जाताना वाटणारा संकोच. पांढऱ्या एप्रनचा शरीरावर परिणाम होतो हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. घरी नॉर्मल असलेलं बीपी दवाखान्यात वाढलेलं दिसतं, त्याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' असं नावच आहे.

आपल्याला यातलं काय हवंय हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. ज्याला काळजी घेतलेली हवी आहे त्याला दरडावणारा डॉक्टर मिळाला, तर संध्याकाळ फुकट जाते.

जोडीदारापुढे विषय कसा काढायचा?

अंथरुणात नको, भांडणानंतर नको आणि दारू पोटात असताना तर नकोच. जेवणानंतर शतपावली करताना, गाडीत शेजारी बसलेले असताना असा विषय काढणं सोपं जातं, कारण एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. वाक्य साधं ठेवा: 'माझ्या डोक्यात एक खेळ आहे. ऐकून घे. नाही आवडला तर सरळ नाही म्हण, मला राग येणार नाही.' आणि मग खरोखरच राग येऊ देऊ नका. पहिल्या नकाराला तोंड पाडून बसलात, तर पुढचा होकार घाबरून दिलेला असेल.

बायकांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: 'ह्यांना आवडतं म्हणून मी हो म्हणते.' दुसऱ्याच्या आनंदासाठी एखादी गोष्ट करून बघण्यात गैर काही नाही, पण 'नाही म्हटलं तर चार दिवस अबोला' या धास्तीनं दिलेला होकार होकार नसतो. नवऱ्यांनाही हेच लागू. बायकोनं उत्साहानं एप्रन आणला म्हणून नवऱ्यानं पेशंट झालंच पाहिजे असं नाही.

उत्तर 'बघू' असं आलं, तर ते आज नाही असं समजा. आठवड्याभरानं एकदा विचारा. दररोज नका विचारू.

आधी काय काय ठरवून घ्यायचं?

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि तो कंटाळवाणा असायची गरज नाही. सरकारी ओपीडीत खिडकीवर केसपेपर काढतात, तसा खेळाआधी दोघांनी बसून एक केसपेपर लिहावा. हा खेळ इतर खेळांपेक्षा सोपा वाटतो तो इथे, कारण प्रश्न विचारणं हे डॉक्टरचं कामच असतं. एका जोडप्यानं लिहिलेल्या केसपेपराचा नमुना, नाव अर्थात बदललेलं:

पेशंटचं नाव: चंद्रिकाबाई (फक्त आजपुरतं).
तक्रार: रात्री झोप लागत नाही.
ॲलर्जी: रबरी हातमोज्यांनी खाज येते.
आधीचं दुखणं: डावा खांदा एकदा निखळला होता, हात मागे नेऊ नये.
हात लावायचा नाही: मान, आणि सिझेरियनचा वण.
हवं: हळू बोलणं, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगणं.
आज नको: बांधणं, ओरडणं, फोटो.
वेळ: मुलगा क्लासवरून यायच्या अर्धा तास आधी संपवायचं.

शेवटची ओळ बघा. खेळ कधी संपणार हे दोघांना ठाऊक असलं की मन सैल होतं. खांद्याची ओळ तर सोन्यासारखी आहे, लिहिली नसती तर दुखणं उमळल्यावरच आठवलं असतं.

यात दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मधुमेह, गर्भारपण या गोष्टी खरोखर लिहा. इथे नाटक नको. डॉक्टर होणाऱ्यानंही स्वतःचा केसपेपर लिहावा. अधिकार गाजवणाऱ्यालाही नको असलेल्या गोष्टी असतात, आणि त्याला त्या विचारायच्या बहुधा राहून जातात.

दोघांची पात्रंही प्रौढच हवीत. याला अपवाद नाही.

पेशंट 'नको, डॉक्टर' म्हणाला तर ते नाटक समजायचं की खरं?

काही ठरलेलं नसेल तर खरं समजायचं आणि थांबायचं.

पण दवाखान्याच्या नाटकात 'आई गं', 'दुखतंय', 'बास आता' हे संवाद म्हणूनही येतात. म्हणून थांबण्याचा वेगळा शब्द ठरवतात, त्याला सेफवर्ड म्हणतात. तो असा हवा की दवाखान्यात चुकूनही तोंडात येणार नाही: 'कोथिंबीर', 'दादर', काहीही. सिग्नलचे रंगही चांगले चालतात. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा हळू किंवा दुसरं काहीतरी, लाल म्हणजे इथेच बंद. पिवळ्याची सोय फार मोलाची आहे. पूर्ण थांबवायला संकोच वाटणारी माणसं पिवळा सहज म्हणतात.

तोंडात थर्मामीटर असेल, मास्क असेल, तर बोलता येत नाही. अशा वेळी पेशंटच्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. तो खाली पडला की खेळ थांबला. आणि पेशंट अचानक गप्प झाला, नजर एका जागी खिळली, अंग ताठ झालं, तर शब्दाची वाट बघत बसू नका. भीतीनं माणूस गोठतो, त्याला शब्द सुचत नाही. एप्रन काढा, खऱ्या नावानं हाक मारा आणि विचारा.

लाल म्हटल्यावर 'एवढ्यात?' हा प्रश्न विचारायचा नाही.

कोणत्या वस्तू आणाव्यात? दुकानात काय सांगायचं?

काहीच सांगावं लागत नाही. कोविडपासून घरोघरी बीपीचं मशीन आणि ऑक्सिमीटर आलेत. पुण्यात सदाशिव पेठेत, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानात दिवसभर विद्यार्थी, नातेवाईक, केअरटेकर येत असतात. स्टेथोस्कोप मागणाऱ्याला 'कशाला हवाय' असं कुणी विचारत नाही. फार अवघड वाटलं तर ऑनलाइन मागवा.

सुरुवातीला एप्रन, स्टेथोस्कोप, वही-पेन आणि एक टेबललॅम्प एवढं पुष्कळ झालं. बहुतेक जोड्यांना यापलीकडे कधी जावंसं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर खेळ रंगतो तो आवाजावर. 'लांब श्वास घ्या… सोडा' हे वाक्य नीट, सावकाश म्हणता आलं की अर्धं काम झालं.

स्टेथोस्कोप कानात घालताना त्याची टोकं नाकाच्या दिशेला वळलेली हवीत, उलटी घातली तर नीट ऐकू येत नाही. गोल चकती आधी तळहातात धरून कोमट करा, मग अंगाला लावा. गार चकती हवी असेल तर तेही ठरवून. समोरच्याच्या कानात तो असताना चकतीवर टिचकी मारू नका, कानठळ्या बसतात.

बीपीचा पट्टा दंडालाच लावायचा. मानेला कधीही नाही, गंमत म्हणूनही नाही. फुगवून तसाच धरून ठेवू नका, हाताचा रक्तप्रवाह अडतो. ज्या बाजूला स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यात, किंवा डायलिसिसचा फिस्तुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली शीर) आहे, त्या हाताला पट्टा लावायचा नाही. खेळात दिसलेला आकडा घेऊन घाबरूही नका. मन उत्तेजित असताना तो वाढणारच. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, तरी जास्तच आला तर मात्र खऱ्या डॉक्टरांना दाखवा.

थर्मामीटर डिजिटल घ्या. जुना काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर ड्रॉवरमध्ये असेल तर तो खेळात आणू नका. फुटला तर काचही लागते आणि पाराही सांडतो. तोंडाचा थर्मामीटर तोंडासाठीच ठेवा.

गोळ्यांसाठी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या झकास. त्या खऱ्या औषधाच्या बाटलीत मात्र भरू नका, घरातलं कुणीतरी चुकून खरं औषध समजून घेईल. आडवं झोपून गोळी गिळायला लावू नका, ठसका लागतो. सिरिंज हवीच असेल तर सुईशिवायची, त्वचेवर पाण्याचे चार थेंब सोडायला.

कानात, नाकात काही घालायचं नाही. घशातही चमचा किंवा लाकडी पट्टी खोल नेऊ नका, ओकारी येते आणि खेळ तिथेच संपतो.

खरं इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर, एनिमा? नेटवर लोक करताना दिसतात.

माझं उत्तर नाही असंच आहे, आणि ते घाबरवण्यासाठी देत नाही. सुई त्वचेच्या आत गेली की जंतूंना रस्ता मिळतो. गळू होतं, शीर किंवा नस दुखावते. सुई एकाची दुसऱ्याला लागली तर एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी यांचा धोका. बी काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर सात दिवस टिकू शकतो. 'पुसली होती' म्हणून भागत नाही. सलाईनमधून शिरेत काय जातंय, किती वेगानं जातंय, हे बघायला शिकलेलं माणूस लागतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालणं हे मूत्रमार्गाला जखम आणि जंतुसंसर्ग यांचं आमंत्रण. एनिमात पाणी जास्त झालं तर शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर फॉस्फेटचा तयार एनिमाही जिवावर बेतू शकतो.

योनी तपासायचा स्पेक्युलमही याच यादीत धरा. चुकीच्या कोनातून उघडला की चिमटा बसतो, जखम होते, आणि पुढे खऱ्या तपासणीची भीती बसते, हे सगळ्यात वाईट.

दवाखान्यातून वापरलेलं सामान आणणं तर अजिबात नको. ते जैव-वैद्यकीय कचऱ्यात मोडतं. त्याची विल्हेवाट 2016 च्या नियमांनुसारच लावायची असते.

प्लास्टर? तेही नको. प्लास्टर ऑफ पॅरिस वाळताना तापतं, त्यानं चटका बसू शकतो. खाली सूज आली तर हात आवळला जातो, आणि ते काढायची करवत तुमच्या घरी नसते.

झोपेची गोळी किंवा भूल येईल असं काही थोडंसं दिलं तर?

कधीही नाही. शुद्ध नसलेला माणूस हो म्हणू शकत नाही आणि लालही म्हणू शकत नाही. नशेत असलेल्या, ज्याला काय चाललंय हे कळत नाही अशा स्त्रीची संमती भारतीय न्याय संहितेतही संमती धरलेली नाही. शिवाय झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली तर श्वास मंदावतो. भुलीचा अभिनय करा: डोळे मिटा, 'दहापासून उलटे आकडे मोजा' म्हणा. एवढ्यानं भागतं.

मेडिकलमध्ये मिळणारी लिग्नोकेन जेली 'दुखू नये म्हणून' वापरायचा सल्ला मित्र देतात. तो ऐकू नका. दुखणं ही शरीराची सूचना आहे. ती बंद केली तर इजा झालेली कळायचीच नाही. लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. छातीत दुखण्यावर सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली येतं.

नाकातोंडावर उशी, हात, बंद मास्क धरून श्वास अडवण्याचे प्रकार, मान दाबण्याचे प्रकार: यांना सुरक्षित पद्धत नाही. ऑक्सिजनचा खरा सिलिंडर घरात असेल तर त्याच्याजवळ मेणबत्ती, उदबत्ती काहीच पेटवू नका.

क्रेप बँडेजनं हात बांधले तर चालेल?

पहिल्या वेळी नको. नंतर, दोघांना हवं असेल तर, काही गोष्टी पाळून. क्रेप बँडेज ताणून गुंडाळलं की हळूहळू आवळत जातं, म्हणून सैल गुंडाळा. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटांचा रंग बघत राहा: पांढरी, निळसर, गार वाटली किंवा मुंग्या आल्या, तर ताबडतोब सोडा. मनगटाच्या हाडावर गाठ नको. हात पाठीमागे बांधून पालथं झोपवू नका, श्वासाला त्रास होतो. बांधलेल्या माणसाला एकटं टाकून दाराची बेल वाजली म्हणून बघायलाही जायचं नाही. सर्जिकलच्या दुकानात बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री मिळते, ती हाताशी ठेवा. गाठ सुटत नाही म्हणून स्वयंपाकघरातली सुरी आणायला धावणं म्हणजे दुसरा अपघात.

हातमोजे, जेल आणि स्वच्छतेबद्दल काय?

लॅटेक्सची ॲलर्जी अनेकांना असते आणि आधी ठाऊक नसते. केळं, किवी, ॲव्होकाडो खाल्ल्यावर तोंडात खाज येणाऱ्यांनी विशेष जपावं. त्यापेक्षा निळे नायट्राइलचे हातमोजे घ्या, बिनपावडरचे. नखं मोज्याच्या आतही कापलेली हवीत. गुदद्वाराला लागलेला मोजा योनीकडे न्यायचा नाही, बदलायचा. आणि ज्या वस्तूला तळाशी रुंद बूड नाही ती गुदद्वारात घालायची नाही. ती आत सरकते आणि बाहेर येत नाही.

जेल पाण्याच्या बेसचं वापरा. खोबरेल, व्हॅसलिन यांनी लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटतो. आपल्याकडे खोबरेल हाताशी असतं म्हणून ही चूक फार होते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट नाजूक जागी लावू नका, वास कितीही 'दवाखान्यासारखा' वाटला तरी. भाजल्यासारखं होतं. स्पिरिटचा बोळा स्टेथोस्कोप पुसायला ठेवा आणि तो पूर्ण वाळू द्या.

आमच्यातला एक खरोखर डॉक्टर (किंवा नर्स) आहे. मग तर धोका नाही ना?

उलट जास्त जपायला हवं. 'मला येतं' या भरवशावर घरात सुया निघतात. निर्जंतुक टेबल, मदतनीस, आणीबाणीची औषधं यांच्यासह जे वॉर्डात सुरक्षित असतं ते पलंगावर नसतं. वॉर्डात घातलेला एप्रन, वापरलेला स्टेथोस्कोप घरी खेळायला आणू नका, त्याच्यावर वॉर्डातले जंतू असतात. खेळासाठी वेगळा घ्या. खऱ्या पेशंटच्या गोष्टी संवादात आणायच्या नाहीत, नाव न घेताही नाही. आणि खेळता खेळता गाठ हाताला लागली, तीळ वेगळा दिसला, तर तिथेच निदान सुनावू नका. नंतर, एप्रन काढून, शांतपणे सांगा.

हेही लक्षात घ्या की रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला घरी पुन्हा सिस्टर व्हायचं नसेल. दिवसभर तिनं ते निभावलेलं असतं. तिला पेशंट व्हायचं असेल, विचारून बघा.

खऱ्या दवाखान्यात, खऱ्या डॉक्टर किंवा सिस्टरसमोर या कल्पनेतलं काहीही आणायचं नाही. त्यांनी संमती दिलेली नसते, ते काम करत असतात. आणि खरा डॉक्टर तपासणीत लगट करू लागला तर तो खेळ नव्हे, गुन्हा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेप्रमाणे, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क स्त्री रुग्णाला आहे. तो मागायला लाजू नका.

मला दवाखान्याचा वाईट अनुभव आहे. मी यात पडावं का?

बाळंतपणात लेबर रूममध्ये अंगावर ओरडणं, न विचारता केलेली तपासणी, गर्भपात, लहानपणी झालेले अत्याचार, कोविड वॉर्डात एकट्यानं काढलेले दिवस: ही ओझी माणसं घेऊन फिरतात आणि जोडीदारालाही माहीत नसतात. स्पिरिटचा वास आला की सगळं एकदम वर येतं. काहींना अशा अनुभवानंतर, प्रत्येक गोष्ट विचारून करणाऱ्या 'डॉक्टर'च्या हाती स्वतःला सोपवताना खरंच बरं वाटतं. काहींची जखम पुन्हा वाहू लागते. तुमचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एप्रनशिवाय, नुसत्या संवादानं, पाच मिनिटांपासून सुरू करा. हा खेळ उपचार नाही. रात्री झोप उडत असेल, दचकून जाग येत असेल तर समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

घरात सासू-सासरे, मुलं, आणि एकच बेडरूम. कसं जमायचं?

कडी नीट बसते ना, आधी बघा. मुलं जागी होऊन दार ढकलतील अशा वेळी हा खेळ नको. आवाज न करता खेळता येतं, केसपेपर लिहून दिला-घेतला तरी मजा येते. सामान एका कुलपाच्या बॅगेत ठेवा, मुलांच्या हाती सिरिंज किंवा गोळ्यांसारख्या गोळ्या पडायला नकोत. एखादी रात्र हॉटेलवर काढणं जमलं तर उत्तम. दोन प्रौढांनी, लग्न झालेलं नसलं तरी, हॉटेलात एकत्र राहू नये असा कायदा नाही. खोलीत कॅमेरा लपवलेला नाही ना, यावर नजर टाका.

ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाबरोबर?

पहिली भेट चहाच्या टेबलावर, वर्दळीच्या जागी. कुठे जातोय हे एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला कळवा. पहिल्या काही भेटींत बांधणं नाही. केसपेपर लिहायला टाळाटाळ करणारा, 'सेफवर्ड कशाला, मी आहे ना' म्हणणारा माणूस दिसला की उठून या.

फोटो, व्हिडिओ काढले तर?

मी सांगेन, नका काढू. फोनचे फोटो आपोआप क्लाऊडवर जातात आणि फॅमिली अल्बमच्या स्क्रीनवर उगवतात. दुसऱ्याच्या शरीराचे खासगी भाग त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटो काढायला दिलेली संमती ही ते पसरवायची संमती नसते. कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका. पुरावे जपा, सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन करा किंवा पोलिसांत जा.

कायद्यानं यात काही अडचण?

दोन प्रौढांनी संमतीनं, खासगीत खेळलेल्या भूमिकांना आडकाठी नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं समलिंगी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. या पानावरचं सगळं त्यांनाही तितकंच लागू आहे. मात्र भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती कायदा संमती मानत नाही, आणि गंभीर इजा झाली तर 'तिनंच हो म्हटलं होतं' हा बचाव टिकेल असं समजू नका. लग्नाच्या नात्यातही जबरदस्ती सोसत राहायचं कारण नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. महिला हेल्पलाइन 181.

खेळ संपल्यावर काय?

लगेच उठून मोबाइल घेऊ नका. एप्रन काढा, दिवा बदला, खऱ्या नावानं बोला, पाणी प्या, पांघरूण घ्या. आज्ञा देणाऱ्यालाही नंतर ओशाळल्यासारखं होतं, 'मी फार रागावून बोललो का?' असं वाटत राहतं. त्यालाही जवळ घ्यावं लागतं. कधीकधी दुसऱ्या दिवशी उगाच रडू येतं, उदास वाटतं. तेव्हा एकमेकांना एक फोन करा. काय आवडलं, काय नाही, हे त्या रात्री न बोलता दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बोला. उत्तरं जास्त खरी येतात.

एकाला आवडलं, दुसऱ्याला नाही. पुढे?

मग तो खेळ नाही. यातला एखादा तुकडा, उदाहरणार्थ ते संथ, विचारपूस करणारं बोलणं, दोघांनाही आवडलेलं असतं. तेवढा ठेवा.

काही चुकलं तर डॉक्टरांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. 'घसरून पडलो' या थापेनं तपासणी भलतीकडे जाते आणि वेळ वाया जातो. रुग्णाची गुपितं न फोडण्याचं बंधन डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेनं घातलेलं आहे, आणि कॅज्युअल्टीतल्या माणसांनी याहून कितीतरी वेगळं रोज पाहिलेलं असतं. आत वस्तू अडकली असेल तर घरी चिमटे घालू नका, जुलाबाचं औषध घेऊ नका, तशाच जा. छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध जाणं, न थांबणारं रक्त, बांधलेल्या हाताची न परतणारी संवेदना: यांत वाट बघायची नाही, 108 किंवा 112 लावा.

दुसऱ्याच्या रक्ताशी संपर्क आला, निरोध फाटला, तर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि पुढे 28 दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरच्या औषधांचं केंद्र) विचारा, किंवा 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर आपत्कालीन गोळीही 72 तासांच्या आतच घ्यायची असते. डॉक्टरांसमोर संकोच वाटला तर जोडीदाराला बरोबर न्या आणि केसपेपरवर लिहिलेल्या ॲलर्जी, चालू औषधं, आधीची दुखणी तशीच्या तशी वाचून दाखवा.